भविष्यकाळाचे देणे

इंग्रजीला भविष्यकाळ नाही. ज्या पिढ्यांचे इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसले, त्यांना हे विधान पटण्यासारखे नाही. तीन काळांचे तक्ते त्यांनी तोंडपाठ केलेले असतात आणि तिसऱ्या रकान्यात ‘शॅल’ व ‘विल’ यांची रूपे शिस्तीने बसलेली असतात. पण इंग्रजी क्रियापद प्रत्यय लावून दोनच काळ दाखविते, वर्तमान आणि भूत. उद्याविषयी बोलायचे तर त्याला दुसऱ्या क्रियापदाच्या दारी जावे लागते. येस्पर्सनने ही गोष्ट १९२४ सालीच लक्षात आणून दिली होती. क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ च्या बृहद्व्याकरणात आणि हडल्स्टन व पुलम यांच्या २००२ च्या व्याकरणात ती आता सर्वमान्य असल्यासारखी मांडलेली आहे. व्याकरणवेत्त्यांच्या या निर्णयापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो त्यामागचा व्यवहार. भविष्य स्वतःजवळ नाही म्हणून इंग्रजीने ते कोणाकडून उसने घेतले?

‘विल’चा मूळ अर्थ इच्छिणे. ‘शॅल’चा मूळ अर्थ देणे लागणे, जुन्या इंग्रजीत ते ऋणाचे क्रियापद आहे, आणि त्याचाच जर्मन भाऊबंद ‘शुल्ड’ हा शब्द कर्ज आणि अपराध हे दोन्ही अर्थ आजही बाळगून आहे. म्हणजे इंग्रज जेव्हा उद्याची गोष्ट करतो तेव्हा एक तर तो आपली इच्छा सांगत असतो, नाही तर आपले देणे. पुढे झिजून झिजून दोन्ही शब्द निव्वळ काळदर्शक झाले, हे खरे. झिजलेल्या नाण्यावरचा छाप मात्र अजून बोटाला लागतो.

जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले आणि त्यात परकीयांच्या सोयीसाठी एक नियम घालून दिला. प्रथम पुरुषी ‘शॅल’ हे भाकीत, ‘विल’ हे वचन किंवा धमकी. द्वितीय व तृतीय पुरुषी नेमके उलट. या नियमाने पुढील अडीचशे वर्षे शाळामास्तरांना छडी पुरविली. बुडणाऱ्या परदेशी माणसाची गोष्ट याच नियमाची. तो ओरडला, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’, आणि काठावरच्या सभ्य इंग्रजांनी त्याच्या इच्छेचा मान राखून त्याला बुडू दिले. चार्ल्स फ्राइझने १९२५ साली प्रत्यक्ष वापराची मोजदाद करून हा नियम लेखकांनी कधीच पाळला नसल्याचे दाखवून दिले. नियम खोटा ठरला, पण त्यामागची कल्पना विचार करण्यासारखी आहे. माझ्या इच्छेविषयी अधिकाराने बोलण्याचा हक्क मला एकट्याला आहे, म्हणून ‘आय विल’ हे वचन होते. तुमच्या इच्छेविषयी मी फक्त अंदाज करू शकतो, म्हणून ‘यू विल’ हे भाकीत राहते. आणि जेथे मी तुम्हाला ‘यू शॅल’ म्हणतो तेथे तुमच्या उद्यावर माझी सत्ता चालते. वॉलिसचा नियम व्याकरणाच्या वेषात वावरणारा एक नैतिक नियम होता. एखाद्याचा उद्या कोणाच्या ताब्यात आहे, हे तो पुरुषवाचक सर्वनामाकडून वदवून घेत होता.

हा नियम आपल्याकडे आला तेव्हा त्याचे काय झाले? १९१९ हे वर्ष या दृष्टीने सोयीचे आहे. त्या वर्षी काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली. त्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीला विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले. तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्या सांगलीचा मोठा भाग पोटात घेऊन होता. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवण्यात आले. कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांची मुले पहिल्यांदाच इंग्रजी शिकू लागली, तेव्हा ‘आय शॅल गो’ म्हणजे ‘मी जाईन’ आणि ‘ही विल गो’ म्हणजे ‘तो जाईल’ असे त्यांनी शिकून घेतले. देणे आणि इच्छा या दोन्ही मुळांवर मराठीचा एकच ‘ईल’ बसला. चूक कोणाची नव्हती. भाषांतराला एकच खण मिळाला होता. पण त्या एका खणामुळे दोन गोष्टी एकदम झाकल्या गेल्या. इंग्रजीत भविष्य उसने आहे, ही एक. आणि मराठीत भविष्य एकाहून अधिक आहे, ही दुसरी. दुसरीची हानी अधिक मोठी आहे.

दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून आपण तीन काळांची चौकट वापरीत आलो. मोरो केशव दामल्यांना तिची अडचण जाणवलेली दिसते, कारण १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त त्यांनी क्रियारूपांना काळावरून नावे न देता प्रत्ययांवरून दिली: ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात, वाख्यात, चाख्यात. ही नावे विद्यार्थ्यांना विनोदी वाटतात. पण त्यांत एक प्रामाणिकपणा आहे. अमुक रूप अमुक काळाचे, असा शब्द व्याकरणकार आधीच देत नाही. रूप काय काय करते ते बघा, असे तो म्हणतो. आता बघू या. ‘मी उद्या येईन’ आणि ‘मी उद्या येणार’ यांत फरक आहे, हे कोणताही मराठी माणूस सांगेल. कोणता, हे विचारल्यावर मात्र तो अडखळेल. ‘येईन’च्या आधी ‘बहुधा’ सहज बसते. ‘येणार’च्या आधी ते कसेबसे बसते, कारण ‘येणार’ मध्ये ठरलेपण आहे. ‘णार’ हा ‘करणारा’, ‘गाणारा’ यांतलाच प्रत्यय. तो उद्याच्या घटनेपेक्षा आजच्या कर्त्याचे वर्णन अधिक करतो. ‘ईल’ अंदाजालाही चालतो, आणि तो अंदाज भविष्याचाच असला पाहिजे असेही नाही. दार वाजले की ‘पोस्टमन असेल’ म्हणतो तो दाराशी आधीच उभा असतो. याखेरीज ‘मला जायचे आहे’ आहे, ‘त्याने यावे’ आहे. निघताना ‘जातो’ म्हणू नये म्हणून म्हटलेले ‘येतो’ आहे; त्यात वर्तमानकाळ फक्त रूपाला असतो आणि परतण्याचा करार अर्थाला. हाक मारल्यावर आतल्या खोलीतून येणारा ‘आलोच’ तर उघड भूतकाळ आहे, आणि म्हणणारा अजून जागचा हललेलाही नसतो. पाणिनीला हे व्यवहार ठाऊक होते. वर्तमानाच्या सान्निध्यातल्या भविष्याला वर्तमानासारखे प्रत्यय चालतात आणि आशा व्यक्त करताना भूतासारखेही चालतात, असे त्याने नियमच केले आहेत. मृगाच्या तोंडावर आटपाडीचा शेतकरी ‘यंदा पाऊस झाला तर पीक हाती आलं’ म्हणतो, तो या दुसऱ्या नियमाच्या हद्दीत असतो.

तत्त्वज्ञानात हा भेद फार उशिरा धारदार झाला. ॲरिस्टॉटलला पडलेला प्रश्न सत्यतेचा होता: उद्या आरमारी लढाई होईल, हे विधान आज सत्य आहे की असत्य? विसाव्या शतकात एलिझाबेथ ॲन्स्कम हिने ‘इंटेन्शन’ या १९५७ च्या पुस्तकाच्या आरंभी वेगळा प्रश्न उभा केला. मला आता ओकारी होणार, आणि मी आता फिरायला जाणार, ही दोन्ही वाक्ये इंग्रजीत एकाच साच्याची आहेत. तरी पहिले भाकीत आहे आणि दुसरे संकल्प आहे, ते कशावरून? ही वाक्ये मी मराठीत लिहिली तेव्हाच उत्तराचा निम्मा भाग हाती आला. पहिल्यात ‘मला’ आहे, दुसऱ्यात ‘मी’. जे माझ्यावर कोसळते तेथे मराठी मला चतुर्थीत बसविते. जे मी करतो तेथे प्रथमेत. ही सोय पूर्ण नाही, ‘मी पडणार’ दोन्हीकडे जाते. पण भविष्याचा भार काळाच्या प्रत्ययावर न टाकता विभक्तीवर, म्हणजे माणसाच्या जागेवर टाकण्याची मराठीची रीत येथे दिसते. आता ज्या वाक्यात माणसाला जागाच नाही, त्याचे काय? त्याकडे येण्यापूर्वी एका प्रसिद्ध वाक्याशी थांबणे आवश्यक आहे.

१९१६ च्या होमरूल पर्वातले टिळकांचे वाक्य प्रत्येकाला पाठ आहे. मराठीत ते ‘मिळवणारच’ या शब्दावर संपते. इंग्रजीत ते ‘आय शॅल हॅव इट’ असे रूढ झाले, क्वचित ‘विल’ घालूनही छापलेले आढळते. वॉलिसच्या नियमाने पाहिले तर प्रथम पुरुषी ‘शॅल’ हे थंड भाकीत ठरते: स्वराज्य मला मिळेल असे दिसते. असा अर्थ कोणी घेतला नाही, राजद्रोहाचे कलम हातात घेऊन बसलेल्या सरकारने तर नाहीच. ‘शॅल’च्या पोटातले जुने ऋण तेथे जागे होते, आणि वाक्याच्या पूर्वार्धातला ‘जन्मसिद्ध हक्क’ त्याला जागे करतो. हक्क माझा, म्हणून देणे तुमचे. मराठी वाक्य या वाटेने जातच नाही. त्यात ऋणको नाही. ‘मिळेल’ नाही, ‘मिळवीन’ही नाही, ‘मिळवणारच’ आहे. मिळणे इतरांच्या हाती असते, मिळविणे आपल्या. ‘णार’ने बोलणारा स्वतःचे वर्णन करतो आणि ‘च’ने दुसरा कोणताही कर्ता किंवा दुसरा कोणताही शेवट नाकारतो. एकाच घोषणेच्या दोन भाषांत दोन नैतिक भूमिका आहेत: इंग्रजीत दावा, मराठीत व्रत. सव्वीस वर्षांनी हेच अंतर पुन्हा दिसते. ८ ऑगस्ट १९४२ च्या भाषणातला मंत्र इंग्रजीत आज्ञार्थी गेला, ‘डू ऑर डाय’. हिंदुस्थानीत तो प्रथमपुरुषी अनेकवचनी भविष्यकाळात आहे, ‘करेंगे या मरेंगे’. आज्ञा दुसऱ्याला करता येते. हे वाक्य दुसऱ्याच्या वतीने म्हणता येत नाही. १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटलांच्या प्रतिसरकारने सातारच्या गावागावांत जे केले, ते समजून घेताना हा सर्वनामाचा भेद क्षुल्लक मानू नये असे मला वाटते.

येथपर्यंतचा विचार एका सोप्या निष्कर्षाकडे घसरण्याचा धोका आहे. इंग्रजीच्या भविष्यात ऋण आहे म्हणून इंग्रजीत दिलेला शब्द अधिक बांधतो, मराठीचा ‘ईल’ गुळगुळीत आहे म्हणून मराठी माणूस वेळ मारून नेतो: असे काही म्हणण्याचा मोह व्याख्यानांतून अनेकांना झालेला मी ऐकला आहे. भाषेवरून स्वभाव काढण्याचा हा उद्योग आता संख्याशास्त्राचा आधार घेऊनही चालतो. कीथ चेन या अर्थशास्त्रज्ञाने २०१३ साली भविष्यकाळाची सक्ती करणाऱ्या भाषांचे भाषक कमी बचत करतात असा दावा केला. भाषाभाषांतले नाते हिशेबात घेतल्यावर तो संबंध बराच क्षीण होतो, हे २०१५ साली त्याच्याच सहभागाने झालेल्या फेरतपासणीत दिसले. पण या मोहाला उत्तर द्यायला इतके दूर जाण्याची गरज नाही. सातारा पुरे.

२५ सप्टेंबर १८१९ रोजी कंपनी सरकार आणि छत्रपती प्रतापसिंह यांच्यात तह झाला. राज्य महाराजांना, त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना कायमचे देण्याची भाषा त्यात होती. अशा तहांच्या इंग्रजीचा कणा म्हणजे ‘शॅल’. १८३९ मध्ये कंपनीने प्रतापसिंहांना पदच्युत केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि दशकाहून अधिक काळ कंपनीच्या भागधारकांसमोर, संसदेच्या सभासदांसमोर तहाचा अर्थ सांगत राहिले. १८४८ मध्ये शहाजी महाराज वारल्यावर दत्तक वारस हा तहातला वारस नव्हे असे ठरवून डलहौसीने राज्य खालसा केले. कायम या शब्दाचे आयुष्य एकोणतीस वर्षे भरले. ‘शॅल’मधले ऋण फेडायचे की नाही, हे ऋणकोनेच ठरविले. स्वतंत्र भारतातही या क्रियापदाचे नशीब फारसे वेगळे नाही. लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयी संविधानाच्या ३२० व्या अनुच्छेदात ‘शॅल’ आहे. १९५७ साली मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक नसून निर्देशात्मक असल्याचा निर्वाळा दिला. कायदेपंडितांच्या दृष्टीने त्या निर्णयाला सबळ कारणे आहेत. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की बंधन क्रियापदात बसलेले नसते.

मग ते कोठे असते? या प्रश्नाचा जगात जर कोठे सर्वांत चिकाटीने विचार झाला असेल तर तो मीमांसेत, आणि मीमांसेची फार मोठी सामग्री याच सातारा जिल्ह्यात, वाईला, सिद्ध झाली. प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी सिद्ध केलेला मीमांसाकोश सात खंडांचा आहे. मीमांसकांनी विध्यर्थी प्रत्ययाच्या ठिकाणी प्रवृत्त करण्याचे सामर्थ्य मानले, त्यालाच शाब्दी भावना म्हणतात. ती कोठे राहते, यावर त्यांनी एक भेद केला. लौकिक वाक्यात ती बोलणाऱ्या माणसाच्या अभिप्रायात राहते, कारण तेथे माणूस आहे. वेदवाक्याला कर्ता नाही, म्हणून तेथे ती शब्दातच राहते. या भेदाच्या धार्मिक पायाशी आपले देणेघेणे असो वा नसो, विश्लेषण म्हणून तो अजोड आहे. वाक्याची प्रेरणा कोणाची, हा प्रश्न तो वाक्याच्या प्रत्येक रूपाला विचारायला लावतो.

आता शासकीय मराठीतले हे वाक्य घ्यावे: ‘पात्र खातेदारांना जमीन देण्यात येईल’. इंग्रजी कर्मणी ‘शॅल बी गिव्हन’ची भाषांतरे करताना ही रचना बळावली आणि आज कोणत्याही कार्यालयाचे पत्र तिच्यावाचून पुरे होत नाही. तिची घडण बघा. ‘देणे’ हे क्रियापद राहिलेले नाही. ते सप्तमीतले नाम झाले आहे. क्रियापद आहे ‘येणे’. पाऊस येईल, पूर येईल, तसे देण्यात येईल. देणारा कोणी नाही, आणि मागाहून ‘शासनाकडून’ असा शब्द घातला तरी तो वाक्याला बाहेरून टाचल्यासारखा दिसतो. पुरुष तृतीय, वचन वस्तूचे, काळ भविष्य, मर्यादा नाही. मीमांसकांच्या भाषेत सांगायचे तर हे लौकिक वाक्य आहे, पण ते अपौरुषेय असल्याचे सोंग करते. वेदवाक्याला कर्ता नसला तरी ते ऐकणाऱ्याला कामाला लावते. येथे कर्ताही नाही आणि काम कोणालाच लागत नाही. कायद्यांच्या मराठी पाठांतही याची एक गमतीदार छटा दिसते. इंग्रजीत या अधिनियमाला अमुक ‘म्हणता येईल’ अशी मुभा असते, तेथे मराठी ‘असे म्हणावे’ असा विधी करते. आणि इंग्रजीत जेथे ‘शॅल’चा विधी असतो तेथे मराठी ‘अमलात येईल’ असे सांगून स्वस्थ बसते. नावापुरता विधी, आणि कामापुरते भाकीत.

समीक्षकांनी या वाक्याला हसण्यापूर्वी स्वतःच्या गद्यात डोकावून पाहावे. ‘असे म्हणता येईल’ हे आपले लाडके वाक्य आहे. कोणाला म्हणता येईल, केव्हा, आणि आत्ताच का म्हणत नाही? ‘अभ्यास होणे अगत्याचे ठरेल’ हे त्याचे धाकटे भावंड. कर्ता लपवून मत मांडण्याची ही सवय कार्यालयाकडून मराठी विभागात आली की उलट, हे सांगणे अवघड आहे.

या वाक्याचे खरे मोल मात्र विभागात नव्हे, कोयनेच्या खोऱ्यात कळते. १९६० च्या दशकाच्या आरंभी शिवसागर भरू लागला आणि गावे उठली. विस्थापितांचे पुनर्वसन हे शासनाचे कायदेशीर कर्तव्य मानणारा महाराष्ट्राचा पहिला कायदा १९७६ चा. म्हणजे ज्यांना आधी उठविले त्यांच्यासाठी त्या वेळी फक्त ‘येईल’ होते, कलम नव्हते. सातारा, सांगली, सोलापूर, रायगड अशा जिल्ह्यांत ही माणसे विखुरली. पुढे १९८६ चा कायदा आला, मग १९९९ चा. २०१८ मध्येही कोयनानगरला धरणग्रस्त ठिय्या देऊन बसले होते, धरणाला अर्धशतक उलटून गेल्यावर. दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते. तिचा विनोद असा की ती रोज खरी असते. ‘उद्या’ हा शब्द रोज एक दिवस पुढे सरकतो आणि पाटी बदलावी लागत नाही. विनोद दुकानदाराचा असतो तोवर ठीक.

सांगलीच्या पूर्व भागाला याच व्याकरणाचा दुसरा अनुभव आहे. कराडजवळचे टेंभू हे आगरकरांचे जन्मगाव. १८५६ साली ते तेथे जन्मले. ‘वाक्यमीमांसा’ हे त्यांचे पुस्तक १८८८ चे, आणि मराठी वाक्याचे पृथक्करण कसे करावे हा त्याचा विषय. उद्देश्य कोणते, विधेय कोणते, हे प्रत्येक वाक्याला विचारण्याची शिस्त मराठीला लावू पाहणाऱ्या या माणसाच्या गावावरून पुढे एका उपसा सिंचन योजनेला नाव मिळाले. कृष्णेचे पाणी टेंभूला उचलून खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या कोरड्या तालुक्यांना द्यायचे. १९९० च्या दशकात ती मंजूर झाली, आणि कित्येक गावे त्यानंतर वर्षानुवर्षे ‘पाणी येईल’ या वाक्यावर राहिली. या वाक्याचे आगरकरी पृथक्करण करून पाहावे. उद्देश्य पाणी, विधेय येईल. व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पाणी स्वतःहून चढावर येत नाही, ते पंपांनी उचलून आणावे लागते, हे मात्र वाक्य लपविते. जत तालुक्यातल्या काही गावांनी २०१२ साली कर्नाटकात जाण्याचा ठराव केला आणि २०२२ मध्ये तो विषय पुन्हा वर आला, त्यामागेही पाणीच होते. त्या ठरावाकडे अस्मितेच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांनी त्याचे क्रियापद बघितले नाही. ‘आम्ही जाऊ’: प्रथमपुरुषी, कर्ता उघड. ‘येईल’ला दिलेले ते उत्तर होते.

मराठीतल्या ‘ईल’ला जन्मतःच पोकळ समजणे मात्र अन्यायाचे होईल. ज्ञानेश्वरीच्या शेवटी येणारे पसायदान या दृष्टीने पुन्हा वाचावे. मागणाऱ्याची सारी क्रियापदे विध्यर्थी किंवा आशीर्वादार्थी आहेत. मागणीच्या मध्यावर एका संबंधी उपवाक्यात एक भविष्यरूप येते खरे, पण ते इच्छिण्याचेच क्रियापद आहे. ‘विल’ आपल्याकडेही होता म्हणायचा. प्रधान वाक्यात ‘ईल’ एकदाच येतो, अगदी अखेरच्या ओवीत, आणि तो मागणाऱ्याच्या तोंडी नाही. देणारा बोलतो आणि त्याच्या बोलण्यात ‘होईल’ येते. कोण म्हणाला, हे ओवीने नावानिशी सांगितले आहे. त्या शब्दानंतर लगेच क्रियापद भूतकाळी होते: दान हाती पडण्यापूर्वीच ज्ञानदेव सुखी झालेला असतो. मराठीतला ‘ईल’ एवढा भार पेलू शकतो. त्याला फक्त म्हणणारा लागतो.

आंदोलन मागे घेताना धरणग्रस्त तोंडी शब्दावर उठत नाहीत. लेखी आश्वासन मागतात. पत्र येते. त्यावर जावक क्रमांक असतो, दिनांक असतो, सही असते, शिक्का असतो. संकलन याद्या अद्ययावत करण्यात येतील, जमिनीचे वाटप करण्यात येईल, असा मजकूर असतो. सही प्रथमपुरुषी आणि मजकूर तृतीयपुरुषी. पत्र वाचून दाखवणारा कार्यकर्ता शेवटच्या ओळीशी आला की बसलेल्यांतून कोणी ना कोणी विचारतेच: ‘कोण करणार?’ ‘केव्हा’ हा प्रश्न त्यानंतरचा.